माल कुठे भरायचा?

यंदा जानेवारीत हैदराबादेत नामपल्लीच्या नुमाइश प्रदर्शनात शिरले आणि गर्दीतून जळक्या तेलाचा वास आला. वासामागे गेले तर पाण्याच्या टबात पत्र्याची बोट फटफटत फिरत होती. "लेलो अम्मा, बच्चे खुश होते," विकणारा म्हणाला.

या बोटीत फिरणारं चाक नाही की दट्ट्या नाही. पोटात चपटी टाकी, मागे दोन नळ्या, खाली तेलाची वात. टाकीतली वाफ नळ्यांतलं पाणी मागे ढकलते, निवली की पाणी परत आत ओढलं जातं. एवढ्यावर ती चालते. आमच्या सुलतान बाजारच्या घरात ती परातीत चालायची. मामा विशाखापट्टणमच्या गोदीत फिटर. सुट्टीला आला की परातीपाशी उकिडवा बसायचा. एकदा बराच वेळ बघून म्हणाला, "चालते झकास. पण माल कुठे भरायचा?"

मामाच्या लेखी बोट म्हणजे मालवाहू बोट. १४ मार्च १९४८ ला नेहरूंच्या हस्ते आठ हजार टनी 'जलउषा' पाण्यात उतरली, तेव्हा तो गर्दीत उभा होता. ती गोदी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची. १९४१ साली राजेंद्रप्रसादांनी पायाभरणी केली आणि पुढच्याच वर्षी जपानी विमानांनी गावावर बॉम्ब टाकले. "फोटो नेहरूंचा लक्षात राहतो, गोदी बांधणारा नाही," हे मामाचं गाऱ्हाणं. त्याच्या माघारी ते माझ्याकडे आलंय.

समुद्र नसलेल्या हैदराबादला समुद्राची हौस मात्र जुनी. गोवळकोंड्याच्या सुलतानांची जहाजं मच्छलीपट्टणहून इराणकडे जात. शेवटच्या निजामाने तर बंदरासाठी पोर्तुगिजांकडून गोवाच विकत घ्यायची खटपट केली. परातीतल्या बोटीशी याचा काही संबंध नाही. मामा असता तर त्याने विचारलं असतं, बंदर घेऊन पाठवणार काय होते?

इथल्या सालारजंग संग्रहालयात तास भरत आला की कुक अँड केल्व्हीच्या घड्याळापुढे माणसं दाटीवाटीने बसतात. इवलासा दाढीवाला बाहेर येतो, टोले देतो, आत जातो. तेवढ्यासाठी सगळे ताटकळतात. जहाजांच्या प्रतिकृती मात्र मी पाहिल्या त्या काचेआड, मुक्या. नांगर, शिड्या, डोलकाठ्या बिनचूक. पाणी तेवढं नाही. आणि मालवाहू जहाजाचा सगळा हिशोब तर पाण्याशीच असतो. भार वाढेल तसं ते खाली बसतं, आणि कुशीवरची भाररेषा बुडाली की समजायचं, जास्त झालं. जादा माल भरून खलाशांना मरणाच्या दारी धाडणाऱ्या मालकांशी खासदार सॅम्युअल प्लिम्सॉल भांडला, म्हणून १८७६ साली ब्रिटनमध्ये कायद्याने ही रेषा आली. कोरड्या पेटीत ती नुसता रंगाचा पट्टा.

म्हणून आमच्या हैदराबादेतल्या एखाद्या संग्रहालयाला एक विनंती. 'जलउषा'ची पाण्यावर तरंगणारी, वाफेवर चालणारी प्रतिकृती करा. शेजारी छोटी पोती ठेवा, ती मुलांना भरू द्या, रेषा पाण्याला कधी टेकते ते त्यांचं त्यांना बघू द्या. पाटीवर वालचंदांचं नाव लिहा. 'हात लावू नये' एवढं मात्र लिहू नका.