एक टक्का

बाबा निवृत्त झाले त्या महिन्यात आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. कल्याण पश्चिमेला, खडकपाड्यात एक वन बीएचके होता. किंमत 45 लाख. फंड आणि ग्रॅच्युइटी घालून तो घ्यायचा आणि भाड्याने द्यायचा.

बाबांचं लहानपण डोंबिवलीच्या चाळीत गेलं. 14 खोल्या, प्रत्येकी 32 रुपये भाडं आणि पाच तारखेला ते न्यायला येणारा मालक. एकदा तरी आपण त्या मालकाच्या जागी असावं असं त्यांना वाटत असणार. तसं ते बोलले नाहीत. बोलले ते एवढंच, "घर तुझ्या नावावर घेऊ. बाईच्या नावावर एक टक्का वाचतो."

ते खरंच आहे. ठाण्यात काय, कल्याण-डोंबिवलीत काय, मुद्रांक शुल्क 7 टक्के. खरेदीदार स्त्री असेल तर 6. म्हणजे 45 हजार वाचले. तरीही 2 लाख 70 हजार शुल्क, 30 हजार नोंदणी आणि 45 हजार दलाली धरून घर साडेअठ्ठेचाळीस लाखांच्या आसपास गेलं. ओसी मिळालेली असल्यामुळे जीएसटी नाही. ती ओसी बाबांनी स्वतः महापालिकेत जाऊन तपासली. बनावट परवानग्यांवर महारेराचे क्रमांक मिळवलेल्या आमच्याच महापालिका हद्दीतल्या 65 इमारती पाडायचा आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला, तेव्हापासून झेरॉक्सवर आमचा विश्वास नाही.

भाडं 14 हजार. भाडेकरू बदलला की महिनाभर घर रिकामं राहतंच, म्हणून मी वर्षाचे 11 महिने धरले. 1 लाख 54 हजार. त्यातून मेंटेनन्स 30 हजार, घरपट्टी 9 हजार, रंग-प्लंबिंग सरासरी 12 हजार, दलालाला एक भाडं 14 हजार, आणि मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटीचा नॉन-ऑक्युपन्सी चार्ज 2 हजार. (हा सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त लावता येत नाही, सोसायट्या लावून बघतात.) हातात उरले 87 हजार.

आयकराचा हिशेब मात्र वेगळा. भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा आणि उरलेल्यातून सरसकट 30 टक्के वजा. मेंटेनन्स, दलाली, रंग, सगळं त्या 30 टक्क्यांत बसलं असं मानायचं. त्यामुळे करपात्र रक्कम निघाली 1 लाख 1 हजार 500. हातात 87 हजार आणि कर त्याहून मोठ्या रकमेवर! माझ्या पगाराला 20 टक्क्यांचा टप्पा लागतो, सेस धरून 21 हजार गेले. उरले 66 हजार, म्हणजे गुंतवणुकीवर दीड टक्कासुद्धा नाही.

आणि हा कर दरवर्षीचा. माझ्या नावावर घेऊन वाचवलेले 45 हजार सव्वादोन वर्षांत परत गेले असते. बाबांच्या नावावर घेतलं, तर नव्या करप्रणालीत पेन्शन आणि भाडं मिळून 12 लाखांच्या आत राहतं, कर शून्य.

"किमती वाढतील त्याचं काय?" बाबांनी विचारलं. वाढतीलही. पण जुलै 2024 नंतर घेतलेलं घर विकताना महागाईची वजावट नाही. नफ्यावर सरळ साडेबारा टक्के. आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाख ठेवले, तर 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 61,500 येतात. घर जे वर्षभरात देणार, जवळपास ते तीन महिन्यांत. हे मी जरा जोरातच सांगितलं. बाबांनी प्रिंटआउट घेतला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर 14 गुणिले 32 केलं. 448.

"एवढ्यात तो कौलं कशी बदलणार होता?" ते म्हणाले. "आम्ही तर दर पावसाळ्यात त्याला शिव्या घालायचो."

मग मीच तोडगा काढला: आईच्या नावावर घ्यायचं. स्त्री म्हणून एक टक्का वाचतो, आणि पैसे बाबांचे असल्याने भाडं त्यांच्याच उत्पन्नात धरलं जातं, तिथे कर नाही. कागदावर तरी याहून चांगला मार्ग मला दिसत नव्हता.

आई तोवर स्वयंपाकघरात होती. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

"रात्री नळ गळला की भाडेकरू फोन कुणाला करणार?" तिने आतूनच विचारलं. "ज्याच्या नावावर घर, त्यालाच ना?"

बाबांनी कागदाची घडी घातली. टोकन द्यायची मुदत शनिवारपर्यंत होती.