परांची

या श्रावणांत आमच्या कन्येची विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी झाली, आणि डॉक्टरांनीं अत्यंत सौम्य शब्दांत सांगितलें कीं, बाळाच्या डोक्याचा घेर अपेक्षेपेक्षां कमी भरतो. घाबरण्याचें कारण नाहीं. तीन आठवड्यांनीं पुन्हा पाहूं. तिसऱ्या महिन्यांत ताप आला होता काय, असेंही त्यांनीं विचारलें. आला होता, दोन दिवस. 'घाबरण्याचें कारण नाहीं' या वाक्यानें ज्याचें भय खरोखर कमी झालें असा भाग्यवान् पुरुष आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे.

तीस वर्षें इंग्रजी काव्य शिकविणाऱ्या माणसाजवळ अशा वेळीं उपयोगी पडण्यासारखें कांहीं नसतें. आम्ही आमच्या जीवशास्त्राच्या सहकाऱ्यांकडे गेलों. त्यांनीं वाचावयास दिलेल्या लेखांत 'रेडियल ग्लिया' या पेशींची आमची प्रथम ओळख झाली. ग्लिया म्हणजे ग्रीक भाषेंत सरस. आणि शास्त्रज्ञांनींही त्यांना बराच काळ नांवाप्रमाणेंच वागविलें. गर्भाच्या मेंदूच्या आंत द्रवानें भरलेली पोकळी असते. तिच्या कडेला या पेशींचें अंग असतें, आणि तेथून एकेक बारीक तंतु थेट मेंदूच्या बाह्य पृष्ठापर्यंत गेलेला असतो. 1972 सालीं पास्को राकिच् यांनीं माकडांच्या गर्भाचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून दाखविलें कीं, नवजात चेतापेशी या तंतूंना बिलगून, वेलीवरून मुंग्या चढाव्या तशा, आपापल्या जागीं जातात. त्यांतही रीत उलटी! आधीं जन्मलेल्या बहुतेक खालच्या थरांत थांबतात, आणि मागून आलेल्या त्यांच्यामधून वाट काढीत वर जातात. पंगतीला उशिरां आलेल्यांनीं वरच्या पाटांवर बसावें, तसा हा प्रकार.

इमारत बांधतांना उभारलेली परांची, हीच उपमा मग या पेशींना चिकटली. परंतु 2000 आणि 2001 या दोन वर्षांत माग्डालेना ग्योट्स आणि आर्नल्ड क्रीगस्टाइन यांच्या प्रयोगशाळांनीं, उंदरांच्या जातींवर प्रयोग करून, निराळेंच सिद्ध केलें. ही पेशी स्वतःच विभागते. तिचा एक अंश तिच्या जागीं रहातो, दुसरा चेतापेशी होतो, आणि तें लेंकरूं पुष्कळदां त्याच मातेच्या तंतूवरून वर चढतें. जिला सर्वजण बांबू समजत होते, ती आई निघाली! हें वाचून आम्ही पुस्तक मिटलें. आमच्या घरांत आम्हीं आजवर कोणाकोणाला परांची समजून वागविलें, याचा हिशेब मनाशीं मांडूं लागलों, आणि तो फार लांबणार असें दिसतांच सोडून दिला.

बाराव्या आठवड्यापासून विसाव्यापर्यंत ही वर्दळ ऐन भरांत असते. म्हणजे आमच्या कन्येच्या उदरांत ती नुकतीच होऊन गेली होती. 2015 सालीं ब्राझीलमध्यें झिकाची साथ पसरली, आणि लहान डोक्यांचीं शेंकडों बालकें जन्मलीं. तो विषाणु नेमका याच पेशींत शिरतो असें पुढें आढळलें. माताच कमी झाल्या तर लेंकरें कोठून होणार? 2024 सालीं झिका पुण्यांतही आढळला होता, आणि रुग्णांत गर्भवती होत्या. हें आम्हीं रात्रीं अडीच वाजतां वाचलें. त्या वेळीं वाचूं नये.

काम संपलें कीं या पेशी आपले लांब तंतु आंखडून घेतात, आणि त्यांतील बऱ्याच तारकाकृति पोषक पेशी होऊन इतरांच्या सेवेस लागतात. जन्मलेल्या बाळाच्या मेंदूंत ती जुनी परांची फार काळ सांपडत नाहीं.

कन्येच्या रक्ताची तपासणी निर्दोष आली. पण इतक्या उशिरां केलेल्या तपासणीवर किती विसंबावें, हें डॉक्टर ठामपणें सांगेनात. त्यांनीं आईबापांच्या डोक्यांचीं मापें मात्र मागविलीं, कारण लहान डोकें कधीं कधीं घराण्यांतूनच येतें. सौभाग्यवतींनीं शिवणाच्या पेटींतून फीत काढली, कन्येचें डोकें मोजलें, जांवयांचें मोजलें, आणि कोणी न सांगतां आमच्याकडे वळल्या. आमचें सर्वांत लहान भरलें. आयुष्यांत प्रथमच या गोष्टीचा आम्हांस आनंद झाला.

तीन आठवड्यांनीं पाहिलें, तों घेर वाढला होता. कमीच होता, पण आपल्या रेषेला धरून होता. पुढची तारीख आश्विनांतली आहे. फीत अजून आमच्या टेबलावरच पडलेली आहे.