मोठा आवाज की स्वच्छ आवाज?

"अरे पोरांनो, हे शेटजींचे शौक तुम्हाला कुठून लागले?"

वस्तीतल्या काकांनी मागच्या हिवाळ्यात आम्हाला हा प्रश्न विचारला. काका चाळीस वर्षे चळवळीत आहेत. सतरंज्या घालण्यापासून सभेत बोलण्यापर्यंत सगळे त्यांनी केले आहे. त्या दिवशी आमच्या खोलीभर प्लायवूडचा भुसा पसरला होता. दोन पेट्या शिकंज्यात आवळून ठेवल्या होत्या आणि आम्ही तिघे फेव्हिकॉल सुकण्याची वाट बघत बसलो होतो. घरी बनवायचे हाय-फाय स्पीकर हा आमचा छंद. काकांना तो पैशाचा आणि वेळेचा नाश वाटला.

प्रश्न आमच्या माणसाने विचारला आहे, म्हणून तो हसण्यावारी नेता येत नाही. त्याचे उत्तर दिले पाहिजे.

आधी आम्ही कोण ते सांगतो. आम्ही कल्याणजवळच्या एका वस्तीतले. एक जण फर्निचरचे काम करतो. दुसरा आयटीआय करून कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे. तिसरा बारा वर्षे डीजेच्या गाडीवर होता. लग्न, हळद, मिरवणूक, जयंती, सगळीकडे तो बॉक्सच्या भिंतीसमोर उभा राहिला. आज त्याच्या डाव्या कानात चोवीस तास शिट्टी वाजते. पंखा बंद केला की शिट्टी मोठी होते, म्हणून थंडीतही तो पंखा लावून झोपतो. कानाच्या तपासणीचा आलेख ४००० हर्ट्झच्या आसपास खड्ड्यासारखा खाली गेला आहे. मोठ्या आवाजाने गेलेले कान बहुधा तिथेच आधी जातात. गेलेले परत येत नाहीत.

म्हणजे आमच्या छंदाची सुरुवात चैनीतून झालेली नाही. "आता ऐकायचे ते हळू आणि नीट ऐकायचे," असे तोच म्हणाला. दुकानात चांगल्या स्पीकरची किंमत विचारली आणि गप्प बाहेर आलो. मग ठरवले, आपणच बनवू.

समजा, चैन असती तरी काय बिघडले? बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते, हे आपण अभिमानाने सांगतो. एवढ्या कामाच्या माणसाला सुरांसाठी वेळ काढावासा वाटला आणि आपण मात्र आनंदाचा हिशोब देत बसायचे? कष्टकऱ्याने फक्त कष्ट करावेत, रसिकता दुसऱ्यांनी बघून घ्यावी, ही विभागणी आपण का मान्य करायची?

आता कामाचे बोलू. स्पीकर बनवणे म्हणजे पेटी बनवणे. उघडा वूफर टेबलावर ठेवून वाजवून बघा. आवाज येतो, पण खर्ज येत नाही. कारण सोपे आहे. कागदी शंकू पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच वेळी मागची विरळ होते. दोन्ही लाटा एकमेकींना भेटल्या की खर्ज मरतो. मागची लाट कोंडण्यासाठी पेटी लागते. आज आपण जो स्पीकर ओळखतो त्याचा मूळ नमुना चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी अमेरिकेत १९२५ साली मांडला. एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये लहान बंद पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. पेटी किती मोठी हवी याचे पक्के गणित नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात मांडले आणि रिचर्ड स्मॉल यांनी ते पुढच्या दशकात पूर्णत्वाला नेले. आज त्या दोघांच्या नावाचे आकडे वूफरच्या माहितीपत्रकावर छापलेले असतात.

आमचा साडेसहा इंची वूफर लॅमिंग्टन रोडवरून आणलेला. त्याच्या कागदावर तीन आकडे होते: एफएस ४० हर्ट्झ, क्यूटीएस ०.४०, व्हीएएस २४ लिटर. बंद पेटीत संतुलित आवाजासाठी ०.७०७ हा आकडा धरतात. ०.७०७ ला ०.४० ने भागा, १.७७ येतात. त्याचा वर्ग ३.१२. त्यातून १ वजा करा, उरले २.१२. आता २४ ला त्याने भागा. उत्तर ११.३ लिटर. झाली पेटी! वूफरचा मागचा भाग थोडी जागा खातो, म्हणून आम्ही आतून १८ × ३२ × २१ सेंटीमीटर माप धरले. ते १२ लिटर भरते. दहावीच्या गणिताबाहेरचे यात काय आहे? तरीही आम्ही तिशी ओलांडेपर्यंत हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

आमच्यातला सुतार पंधरा वर्षे दुसऱ्यांच्या दिवाणखान्यात टीव्ही युनिट बसवतो आहे. त्यात ठेवायच्या स्पीकरसाठी त्याने कप्पे केले, पण स्पीकरची पेटी तेवढीच का असते हे त्याला कोणी सांगितले नाही आणि त्यानेही विचारले नाही. ज्याच्या हातात रंधा त्याने गणित विचारायचे नाही आणि ज्याला गणित येते त्याने रंधा धरायचा नाही, ही वाटणी कोणी केली हे तुम्हाला सांगायला नको. त्या रात्री त्याने गणित तीनदा स्वतः करून बघितले. मग १८ मिलीमीटरचा प्लाय गुण्या लावून असा कापला की सांध्यात कागद जाईना. बारीक फटी त्याने भुसा आणि फेव्हिकॉलच्या लगद्याने बुजवल्या. आत जुन्या उशीचा कापूस भरला. वूफर हलक्या हाताने दाबून सोडला की शंकू सावकाश परत येतो. तसा आला, म्हणजे पेटी हवाबंद झाली.

वूफरला बारीक सूर पेलत नाहीत आणि ट्विटरला खर्ज दिला तर तो जळतो. म्हणून मध्ये क्रॉसओव्हर लागतो. आमचा २५०० हर्ट्झवर आहे. त्यासाठी प्रत्येक पेटीत ४ मायक्रोफॅरडचा आणि १ मिलीहेन्रीचा असे दोन दोन भाग लागले. कपॅसिटर विकत आणले. कॉइल मात्र वस्तीतल्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात गुंडाळून घेतल्या. आम्ही मीटर लावून बसलो आणि आकडा १ वर येईपर्यंत वेढे काढत गेलो. दुकानदाराने पैसे घेतले नाहीत. "वाजलं की बोलवा," एवढेच म्हणाला. वूफर, ट्विटर, लहान ॲम्प्लिफायरचे बोर्ड, प्लाय, सगळे मिळून नऊ हजारांच्या आसपास खर्च आला. तो तिघांत आणि पाच महिन्यांत वाटला गेला.

पहिल्या दिवशी फजिती झाली. गाणे लावले तर खर्ज गायब, आणि गायक नेमका कुठून गातो तेच कळेना. आम्ही गणिताला दोष दिला, वूफरला दोष दिला. शेवटी दीड व्होल्टचा सेल घेऊन तपासले. अधिकला अधिक जोडले की शंकू बाहेर यायला हवा. एका पेटीत तो आत गेला. एकाच वूफरच्या दोन तारा उलट जोडल्या होत्या! एक पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा मागे ओढत होता. चळवळीत असे बरेचदा बघितले आहे, त्यामुळे फार आश्चर्य वाटले नाही.

तारा सरळ केल्या. पेट्या भिंतीपासून हातभर पुढे घेतल्या, ट्विटर कानाच्या उंचीवर आणले आणि समोरच्या भिंतीवर आईची गोधडी टांगली, म्हणजे आवाज आपटून परत येत नाही. मग काकांना बोलावले. प्रल्हाद शिंदे यांचे एक जुने गाणे लावले, जे काका चाळीस वर्षे म्हणत आले आहेत.

पहिल्या कडव्याला काका ताल धरून होते. दुसऱ्या कडव्यात त्यांचा हात थांबला. "परत लाव," म्हणाले. परत लावले. मग हळूच म्हणाले, "इथे हा शब्द आहे होय? मी इतकी वर्षे वेगळाच म्हणतोय रे."

मित्रांनो, आमचे खरे उत्तर हेच आहे. काकांनी ते गाणे आयुष्यभर भोंग्यावर ऐकले. भोंगा लांब पोचतो, त्याचे उपकार आहेतच. पण माणसाच्या बोलण्यात स्वर खालच्या पट्टीत असतात आणि स, श, त, क यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीत उमटतात. कर्कश भोंग्यात आणि डीजेच्या दणक्यात ती आधी बुडतात. आवाज राहतो, शब्द जातो. आपली सगळी चळवळ शब्दावर उभी आहे. तो शब्दच नीट ऐकू येत नसेल तर आवाज किती मोठा याला काय अर्थ?

आणि मोठेपणाचा हिशोबही मांडू. कानाला दुप्पट मोठे वाटायला वॅट दुप्पट करून भागत नाही, साधारण दहापट करावे लागतात. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत एका वॅटवर पोट भरते. अमेरिकेतली नायोश ही कामगार आरोग्य संस्था सांगते की ८५ डेसिबलमध्ये आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलमध्ये फक्त १५ मिनिटे. आमचा मित्र बारा वर्षे उभा होता. भिंतीएवढे बॉक्स लावणारी मंडळे सगळ्याच समाजांत आहेत, पण त्यापुढे उभे राहून कान गमावणारी पोरे बहुतेक आपल्यासारख्याच वस्त्यांतली असतात. 'त्यांचा डीजे चालतो तर आमचा का नको,' हा युक्तिवाद आम्हीही केला आहे. आज आम्ही विचारतो, त्यांची बरोबरी आपले कान देऊन करायची का?

शेवटचे काम ट्विटरचा आवाज जुळवण्याचे होते. तो थोडा टोचत होता, पण हे आमच्या डीजेवाल्या मित्राला कळेना. ट्विटरच्या तारा त्यानेच जोडल्या होत्या, पण त्यातले वरचे सूर त्याच्या डाव्या कानापर्यंत पोचतच नाहीत. त्याने आठ वर्षांच्या मुलीला समोर बसवले. तो एकेक रेझिस्टर बदलत गेला, ती सांगत गेली. "अजून टोचतंय." "आता बरंय." "पप्पा, मागे बारीक छुन-छुन वाजतंय, ते काय?"

मंजिरी होती. त्याने मान हलवली आणि रेझिस्टर पक्का झाळला.

काका दर रविवारी संध्याकाळी येतात. मागच्या आठवड्यात त्यांनी विहारातल्या अभ्यासिकेची लांबी-रुंदी कागदावर लिहून आणली. तिथे व्याख्यान असते तेव्हा मागच्या रांगेतल्या पोरांना शब्द कळत नाहीत, अशी त्यांची तक्रार आहे. प्लाय आणला आहे. गणित या वेळी सुतारच करतो आहे.