धारावीचं पाणी

झोपडपट्टीतून जाणारी पाण्याची मोठी वाहिनी फुटते. गल्लीबोळांतून माणसं धावत सुटतात. कुणाच्या हातात हंडा, कुणाकडे कळशी, बादली. ज्याला काहीच सापडलं नाही त्याची नुसती ओंजळ. पोरं त्या धारेखाली नागडी नाचतात. इम्तियाज धारकर यांची ‘ब्लेसिंग’ ही कविता एवढ्याच प्रसंगाची, धारावीतली. ब्रिटनमधल्या शाळांत ती वर्षानुवर्षं शिकवली गेली. चोवीस तास नळाला पाणी असलेल्या मुलांना पाण्याचं मोल धारावीने सांगावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

धारकरांचा जन्म 1954चा, लाहोरचा. वर्षाच्या आतच घर ग्लासगोला हललं, वाढल्या तिथेच. पत्रकार अनिल धारकर यांच्याशी लग्न करून त्या मुंबईत आल्या, पुढे लंडनला गेल्या. म्हणजे लाहोर आठवायला मनात लाहोर नव्हतंच. त्यामुळे असेल, सुटलेल्या गावाचे कढ त्यांच्या कवितेत फारसे येत नाहीत. आपलं बाहेरचेपण त्यांनी कुरवाळलं नाही, लपवलंही नाही. त्या जागेवरून त्या इतरांची घरं न्याहाळत राहिल्या. ‘लिव्हिंग स्पेस’ या कवितेतलं घर बघा. सरळ रेघांचा तुटवडा, उघड्या सांध्यांना कसेबसे धरून असलेले खिळे, सगळा डोलारा कललेला. आणि अशा घराबाहेर कुणीतरी तारेच्या टोपलीत अंडी टांगून ठेवली आहेत! उद्यावर एवढा भरवसा कुठून येतो? मी दरवेळी त्या अंड्यांपाशीच थांबतो. ज्याने स्वतःचं घर पुन्हा पुन्हा मांडलं आहे, त्यालाच ती टोपली दिसते, असं मला मनापासून वाटतं.

1989मध्ये त्यांचा ‘पर्दा’ हा संग्रह आला, मग ‘पोस्टकार्ड्‌स फ्रॉम गॉड’, ‘आय स्पीक फॉर द डेव्हिल’. आपल्या संग्रहांतली काळ्या शाईची चित्रंही त्या स्वतःच काढतात. 2014मध्ये त्यांना ब्रिटनच्या राणीचं काव्यासाठीचं सुवर्णपदक मिळालं. 2019मध्ये तिथलं राजकवीपद चालून आलं, तेव्हा मात्र लिहिण्यासाठी लागणारा एकांत मोलाचा मानून त्यांनी नकार दिला. हा नकार मला पदकापेक्षा मोठा वाटतो.

आपण मुंबईची कविता म्हणताना सुर्वे, ढसाळ, कोलटकर ही नावं घेतो, ती घ्यायलाच हवीत. त्यांच्या शेजारी इम्तियाज धारकरही ठेवा आणि वाचा.