मामाची गाडी उजवीकडून

आपल्या देशात गाडी रस्त्याच्या कोणत्या बाजूने चालवतात? ‘डावीकडून!’ हे तुम्ही झोपेतसुद्धा सांगाल. लातूरला जा, नांदेडला जा, नाही तर थेट मुंबईला जा. स्टिअरिंग उजवीकडे आणि गाडी रस्त्याच्या डावीकडे. इंग्रजांच्या काळापासून आपल्याकडे हीच रीत आहे. पण जगातल्या बहुतेक देशांत बरोबर याच्या उलट चालतं. अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे आणि गाडी उजवीकडे. वाचायला ही एवढीशी गोष्ट आहे; पण ती अंगवळणी पडायला माझ्या धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या मुलांच्या मामाला, अख्खा हिवाळा लागला. त्याचीच ही हकिकत.

आमचं माहेर लातूरचं. मामा स्कूटर शिकला तो गंजगोलाईत. तुमच्यापैकी ज्यांनी गंजगोलाई पाहिली नसेल त्यांना सांगते, तिथे तब्बल १६ रस्ते येऊन मिळतात. भाजीचे गाडे, ऑटो, सायकली, गाई, सगळ्यांमधून हॉर्न वाजवत वाट काढायची. “इथं गाडी चालवली तो जगात कुठंबी चालवतो,” असं आमचे अण्णा म्हणायचे.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये मामा नोकरीसाठी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात गेला. मिशिगन म्हणजे मोटारींचं माहेरघर. हेन्री फोर्ड यांनी १९०८ मध्ये ‘मॉडेल टी’ ही गाडी आणली ती इथल्याच डेट्रॉईट शहरात. पुढे १९१३ मध्ये त्यांच्या कारखान्यात गाडी कामगारांसमोरून सरकत जाऊ लागली आणि प्रत्येक जण आपापला एकच भाग बसवू लागला. त्यामुळे गाड्या झटपट बनू लागल्या, स्वस्त झाल्या आणि साध्या माणसांच्या दारात आल्या. मग गावंही ऐसपैस पसरली. घर इकडे, तर दुकान लांब तिकडे.

मामा राहत होता त्या गावात ना ऑटो, ना टमटम, ना एसटी. किराणा दुकान तीन किलोमीटरवर. डिसेंबरात बर्फ पडू लागलं. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन तो बर्फातून चालत यायचा. हातमोजे असूनही बोटं बधिर व्हायची. आपल्याकडे गाडी ही हौस असते, दसऱ्या-पाडव्याला घ्यायची. तिथे गाडी म्हणजे पाय!

पण गाडी घ्यायची कशी? कर्जासाठी विचारलं, तर त्यांनी जुन्या कर्जाची नोंद मागितली. ‘कर्ज घेतलंच नाही कधी,’ मामानं अभिमानानं सांगितलं. आमच्या घरात हीच शिकवण. पण तिथे आधीचं कर्ज वेळेवर फेडलेलं दिसलं, तरच नवीन कर्ज सहज मिळतं. मामाची कुठेच नोंद नव्हती. नव्या शाळेत दाखला आणि प्रगतिपुस्तक न घेता आलेल्या मुलासारखी त्याची गत झाली. शेवटी पगारातून पैसे साठवून जुनी गाडी घ्यायचं त्यानं ठरवलं.

त्याआधी लायसन्स हवं. लेखी परीक्षेत मामा सहज पास झाला. रस्त्यावरच्या परीक्षेत मात्र नापास! तिथे अनेक चौकांत चारही बाजूंना ‘स्टॉप’ अशी लाल पाटी असते. पोलीस नसतो, सिग्नल नसतो. प्रत्येकानं चाकं पूर्ण थांबवायची आणि जो आधी आला त्यानं आधी जायचं. मामानं गंजगोलाईच्या सवयीनं वेग नुसता कमी केला आणि गाडी पुढे काढली.

त्या रात्री त्याचा फोन आला. “अक्का, मी परत येतो. इंजिनिअर होऊन इथं पहिलीतल्या पोरासारखं झालंय माझं.” आवाज रडवेला होता. आई तर म्हणालीच, “ये लेकरा, आपली भाकरी बरी.” मी त्याला म्हटलं, “अरे, पहिलीतलं लेकरू ‘ड’ उलटा काढतं म्हणून आम्ही त्याला घरी पाठवतो का? पुन्हा गिरवायला सांगतो.”

मामानं पुन्हा गिरवलं. सहकाऱ्याला शेजारी बसवून रोज सराव केला. सुरुवातीला तो उजवं दार उघडून बसायचा आणि समोर स्टिअरिंगच नसायचं! वळताना इशारा द्यायला जायचा, तर काचेवरचे वायपर फिरायचे. कारण त्या दांड्यांच्या जागाही उलट. फेब्रुवारीत तो पास झाला आणि गाडी घेतली. “किती चाललीय?” अण्णांनी विचारलं. “नव्वद हजार.” अण्णा खूश झाले. पण ते होते मैल! एक मैल म्हणजे सुमारे १.६१ किलोमीटर. आता तुम्हीच हिशोब करा, गाडी किती किलोमीटर चालली होती? आईची चौकशी वेगळीच, “चाकाखाली लिंबू ठेवलं का रे?” ठेवलं होतं. नारळही फोडला होता.

आता मामाला तिथली एक रीत फार आवडते. पिवळी शाळेची बस थांबून तिचे लाल दिवे लुकलुकू लागले, की साध्या रस्त्यावर दोन्ही बाजूंची वाहनं जागच्या जागी थांबतात. मुलं सुखरूप उतरेपर्यंत कुणी हलत नाही.

मुलांनो, मामानं जे एकट्यानं केलं, ते एकदा एका अख्ख्या देशानं केलं होतं. स्वीडनमध्ये गाड्या डावीकडून चालत. ३ सप्टेंबर १९६७ ला पहाटे पाचला दहा मिनिटं कमी असताना रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या थांबल्या, हळूच उजव्या बाजूला गेल्या आणि पाच वाजेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. मगच पुढे निघाल्या. सामोआ या बेटांच्या देशानं २००९ मध्ये उलट केलं, उजवी बाजू सोडून डावी धरली; कारण शेजारच्या ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधून स्वस्तातल्या जुन्या गाड्या आणता याव्यात! म्हणजे डावं खरं आणि उजवं खोटं असं काही नसतं. सगळ्यांनी मिळून जे ठरवलं ते पाळायचं, एवढंच.

माझी शाळा नांदेड जिल्ह्यात, देगलूर तालुक्यात, तेलंगणाच्या सीमेजवळ आहे. दर जूनमध्ये घरी तेलुगू बोलणारं एखादं लेकरू वर्गात येतं. ते ‘पाणी’ऐवजी ‘नीळ्ळु’ म्हणतं आणि काही मुलं हसतात. त्या लेकराचंही स्टिअरिंग दुसऱ्या बाजूला आहे, इतकंच. तुमच्या वर्गात असं कुणी आलं, तर त्याला शेजारी बसवून घ्या. मामाच्या शेजारी बसणारा तो सहकारी नसता, तर मामा कधीच परत आला असता.