जुनी गाडी, जाड ऑइल आणि आमचा गेलेला टर्बो



आज द्राक्षावर काही नाही, गाडीच्या ऑइलवर लिहितोय. परवा चहाच्या टपरीवर एकानं विचारलं, "अण्णा, माझी डिझेल गाडी दीड लाखाच्या पुढं गेली. ऑइल खायला लागलीय. ट्रॅक्टरचं १५डब्ल्यू-४० टाकू का? बादली घरातच पडलीय." उभ्या उभ्या काय सांगणार? तो घाईत होता, निघून गेला. म्हणून इथं सविस्तर लिहितो. हे मी पैसे भरून शिकलोय, आणि एकदा तात्यांना ऐन थंडीत हायवेच्या कडेला बसवून शिकलोय.

आमची गाडी २०१२ ची, छोटं टर्बो डिझेल इंजिन. सेकंडहँड घेतलेली. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत काटा १ लाख ६८ हजारावर होता. तोपर्यंत पुस्तकात लिहिलेलं ५डब्ल्यू-३० टाकत होतो. पण दोन हजार किलोमीटरला जवळजवळ लीटरभर ऑइल कमी व्हायला लागलं. सकाळी सेल्फ मारला की निळसर धूर. तात्यांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तेव्हा डायलिसिस चालू झालेलं. मंगळवार आणि शुक्रवार, नाशिकला, सकाळी ७ ची पाळी. गाडी दगा देऊन चालणार नव्हतं, म्हणून मी आधीच गॅरेजला नेली.

मेकॅनिक ओळखीचा, हाताला गुण असलेला माणूस. त्यानं बॉनेट उघडून ऐकलं आणि म्हणाला, "अण्णा, गाडीचं वय झालं. आता पातळ ऑइल टिकत नाही. २०डब्ल्यू-५० टाका, धूर बंद होईल." ते ऑइल स्वस्तही होतं. मी हो म्हणलं. आणि खरं सांगतो, धूर कमी झाला. इंजिनची टकटक कमी झाली. ऑइल खाणंही निम्म्यावर आलं. त्याचं बोलणं खोटं ठरलं असतं तर बरं झालं असतं, मी लगेच बदललं असतं. सहा आठवडे मी चार लोकांना तेच सांगत फिरलो.

मग डिसेंबर आला. निफाडची थंडी तुम्हाला ठाऊक आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा पेपरात यायला लागला की आम्ही बागेत शेकोट्या पेटवतो, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून रात्री ड्रिप चालवतो. बागेची एवढी काळजी, आणि गाडी मात्र उघड्यावर ओसरीसमोर उभी. पहाटे साडेपाचला सेल्फ मारला की इंजिन जड फिरायचं. ऑइलचा लाल दिवा आधी लगेच विझायचा, आता चार-पाच सेकंद तसाच. गाडी चालू झाली की एक बारीक शिट्टी यायची, मग जायची. मला वाटलं, थंडी आहे, असेल. घरापासून हायवे तीन किलोमीटर. तेवढ्यात इंजिन काय तापणार? पण पाळी चुकू नये म्हणून पिंपळगावजवळ हायवेला लागलो की पाय दाबायचो.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी, ओझरच्या पुढं दहाव्या मैलाजवळ, शिट्टीची किंकाळी झाली. गाडीचा जोर एकदम गेला आणि मागं निळ्या-पांढऱ्या धुराचा ढग. मी बाजूला घेऊन चावी फिरवली, गाडी बंद झाली. पुढं कळलं की हे नशीब. टर्बोतून ऑइल हवेच्या पाइपात गेलं की डिझेल इंजिन त्याच ऑइलवर आपोआप पळत सुटू शकतं, मग चावी काढली तरी बंद होत नाही. तसं झालं तर ब्रेक घट्ट दाबायचा, मोठा गिअर टाकायचा आणि क्लच सोडून इंजिन मारायचं. हे लक्षात ठेवा, कधी कामाला येईल.

तात्या मागच्या सीटवर, दोन घोंगड्यांत. डायलिसिसच्या माणसाला दोन पाळ्यांच्या मधे पाणी मोजून प्यायचं असतं, अंगात साठलेलं पाणी पुढच्या पाळीलाच निघतं. पाळी लांबली की दम लागतो. मला ते दिसत होतं. गावातल्या एकाला फोन केला, तो टोमॅटोचा पिकअप घेऊन निघालेलाच होता. तात्यांना पुढं केबिनमध्ये बसवलं. दवाखान्यात पोचलो तर पाळी दुसऱ्याला दिलेली. पावणेदोन तास बाहेर बाकावर. तात्या एक शब्द बोलले नाहीत, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

टर्बो उघडला तेव्हा मी समोर उभा होतो. आतला दांडा बोटानं हलवला तर चांगला खेळत होता, पंख्याची पाती घराला घासलेली. ऑइल नेणारी नळी निम्मी काळ्या खरपुडीनं भरलेली. टर्बोचा आतला भाग, नळी, ऑइल, मजुरी मिळून साडेतेवीस हजार गेले.

माझा पुतण्या पुण्याला गाड्यांच्या कामात आहे, मेकॅनिकल डिप्लोमा झालेला. तो संक्रांतीला आला तेव्हा मी मेकॅनिकवर चिडून बोलत होतो. तो म्हणाला, "काका, त्याचं निम्मं बरोबर होतं. डब्यावरचे आकडे कधी वाचलेत का?" नव्हते वाचले. औषधाच्या डब्यावरचं लेबल क्लेम आणि पीएचआय मी चष्मा लावून वाचतो. ऑइलचा डबा मात्र रंग बघून घ्यायचो. डब्ल्यू म्हणजे वॅट असेल असं मला बरीच वर्षं वाटायचं.

तर डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला: जितका लहान, तितकं ऑइल गारठ्यात लवकर वाहतं. नंतरचा आकडा गरम इंजिनातला. १०० अंश सेल्सिअसला ऑइलची जाडी मोजतात, त्याचं माप सेंटिस्टोक. ३० ग्रेड म्हणजे ९.३ ते १२.५ च्या मधलं, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९. ही एसएई या अमेरिकन संस्थेची मापं, सगळ्या कंपन्यांच्या डब्यांना तीच लागू. म्हणजे "जाड" आणि "पातळ" हे एक नाही, दोन वेगवेगळे प्रश्न आहेत. पहाटे किती जाड, आणि पळताना किती जाड. आपण दोन्ही एकत्र करून बसतो.

मी दहावी पास माणूस, मला डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही. औषध मोजायच्या दोन सारख्या बाटल्या घेतल्या. एकीत ५डब्ल्यू-३०, दुसरीत उरलेलं २०डब्ल्यू-५०, दोन्ही पाव-पाव लीटर. रात्रभर बागेत ठेवल्या. पहाटे थर्मामीटर ७ अंशांवर. एकाच नरसाळ्यातून दोन्ही सोडली, मोबाईलवर वेळ लावली. पहिलं २२ सेकंदांत गेलं. दुसरं १ मिनिट १५ सेकंद, आणि शेवटी शेवटी काकवीसारखं लोंबत होतं. मग दोन्ही बाटल्या उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवून परत सोडली, तर फरक थोडाच उरला. त्या थोड्या फरकासाठी मी रोज पहाटे तिप्पट जाड ऑइल इंजिनात फिरवत होतो.

इंजिनला हे बऱ्यापैकी सोसतं, टर्बोला सोसत नाही. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो, छोट्या इंजिनचा दोन लाखापर्यंतही जातो. त्याला बॉल बेअरिंग बहुतेक नसतं, बुशमध्ये ऑइलच्या पातळ थरावर तो अक्षरशः तरंगतो. ते ऑइल येतं पेनाच्या रिफिलपेक्षा थोड्याच जाड नळीतून, आणि येतं सगळ्यात शेवटी. गारठलेलं जाड ऑइल तिथं पोचेपर्यंत मी हायवेला पाय दाबून मोकळा.

पण पुतण्यानं एवढ्यावर सोडलं नाही. "काका, जाड ऑइलनं टर्बो संपवला, पण दुखणं आधीचं होतं. ऑइल जात कुठं होतं ते कुणी बघितलं?" कुणीच नाही. ब्रीदर, म्हणजे इंजिनच्या आतली वाफ बाहेर सोडणारी नळी आणि तिचा झडप-डबा, चिकट काळ्या गाळानं बंद झालेला. आत दाब वाढला की टर्बोतून खाली येणारं ऑइल नीट परतत नाही, मग ते सीलमधून हवेच्या पाइपात सटकतं आणि जळतं. तोच आमचा निळा धूर. जाड ऑइल कमी सटकलं म्हणून धूर कमी झाला, एवढंच. ब्रीदरचं काम साडेचारशे रुपयांत झालं. पानं पिवळी पडली की मूळ न बघता युरिया फेकणाऱ्याला मी हसतो, आणि इथं मी तेच केलं होतं.

आता काय टाकतो? गाडीच्या पुस्तकात मागच्या पानांवर तापमानाचा तक्ता आहे, त्यात ५डब्ल्यू-३० बरोबर ५डब्ल्यू-४० ला परवानगी आहे. मी सिंथेटिक ५डब्ल्यू-४० टाकतो. पहाटे ते पहिल्याइतकंच लवकर वाहतं, आणि एप्रिल-मे मधे, भरलेल्या गाडीनं चढ चढताना, झिजलेल्या बुशला एक पायरी जास्त आधार मिळतो. जुन्या इंजिनला थोडं जाड ऑइल द्यावं हे चूक नाही, पण ती पायरी डब्ल्यूच्या नंतरच्या आकड्यात चढायची, आधीच्या नाही. आणि पुस्तकाच्या तक्त्याबाहेर जायचं नाही. टपरीवरच्या त्या भावाचं १५डब्ल्यू-४० त्याच्या तक्त्यात असेलही, त्यानं आधी ते बघावं. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकची बादली मात्र कुठल्याच इंजिनात ओतू नका. शेडमध्ये दोन्ही शेजारी असतात आणि अंधारात चूक होते.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्या ज्यांच्याकडं आहेत, त्यांनी माझी नक्कल करू नये. त्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. त्याला कमी राख सोडणारं ऑइल लागतं, आणि ते डब्यावर वेगळं लिहिलेलं असतं. नुसता ग्रेड जुळवून भागत नाही, चुकीच्या ऑइलची राख फिल्टरमधे बसते ती जळून जात नाही. शिवाय त्या गाड्यांत डिझेल ऑइलमधे उतरू शकतं. डिपस्टिकवर पातळी खाली जाण्याऐवजी वर चढली, किंवा डिझेलचा वास आला, तर ऑइल पातळ झालंय. तेव्हा गाडी दाखवा.

बाकी सवयी बदलल्या. सकाळी चालू केल्यावर अर्धा मिनिट तशीच, मग हायवेला लागूनही पहिले आठ-दहा किलोमीटर पाय हलका. नाशिकला पोचल्यावर लगेच चावी नाही, मिनिटभर चालू ठेवून मग बंद, नाहीतर तापलेल्या टर्बोत थांबलेलं ऑइल जळून तीच खरपुडी धरते. आमच्या धुळीच्या रस्त्यांमुळं आणि छोट्या फेऱ्यांमुळं ऑइल-फिल्टर साडेसात हजारालाच बदलतो, पुस्तकात दहा हजार असलं तरी. तात्या म्हणतात, "माझं रक्त आठवड्याला दोनदा गाळतात, तुझ्या गाडीचं वर्षाला दोनदा तरी गाळ."

मेकॅनिक तोच आहे. त्याला नरसाळ्याचा व्हिडिओ दाखवला. तो जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "अण्णा, आम्ही उन्हाळ्यात शिकलो ना, म्हणून असं झालं." आता तो ऑइल बदलायच्या आधी गाडीचं पुस्तक मागतो, आणि निम्म्या लोकांकडं पुस्तकच नसतं.

काटा काल १ लाख ९१ हजारावर गेला. दोन हजार किलोमीटरला आता पाव लीटरच्या आसपास कमी होतं, ते मी वहीत लिहून ठेवतो, फवारणीच्या वहीच्या मागच्या बाजूला. उद्या मंगळवार. साडेपाचला निघायचंय, आता डिपस्टिक बघून झोपतो.