गळ्यात काय घातलंयस?

"माय, हे काय लटकवलंस गळ्यात?" हिंगोलीला घरी पोचून ओढणी काढली नाही, तोच आईचा प्रश्न. लॉकेट म्हणून थाप मारायचीही सोय नव्हती. काळी दोरी, दोरीला प्लॅस्टिकचं म्यान आणि म्यानात अडीच इंचाचं पातं. नेक नाइफ!

मागच्या वर्षी पुण्यात रात्री अकरा वाजता रिक्षावाल्याने भलताच रस्ता धरला. पुढे काही झालं नाही. सिग्नलला रिक्षा थांबली आणि मी उडी मारून पळाले. पण झोप उडाली ती उडालीच. आठवड्याभरात ऑनलाइन ऑर्डर टाकली. आपला फंडा क्लिअर होता. भीती वाटते ना? मग उत्तर गळ्यातच बांधून फिरायचं.

डिझाइन मात्र भारी असतं हं. चाकू उलटा लटकतो, मूठ खाली. एक झटका दिला की हातात. म्यान बहुतेकदा कायडेक्सचं, म्हणजे गरम करून पात्याच्या आकारावर दाबून बसवलेलं प्लॅस्टिक. बटण नाही, पट्टी नाही, चाकू नुसत्या पकडीवर थांबतो. आणि दोरी? ती जोरात ओढली की सुटणारी हवी, नाहीतर कुठे अडकली तर फास आपल्यालाच. ऑफिसच्या काही आयडी कार्डांच्या पट्ट्याला मानेमागे क्लिप असते ना, तोच हिशेब. माझी दोरी सुटणारी नव्हती. म्हणजे समोरच्याने ती धरली असती, तर खेचली मीच गेले असते. हे माझ्या लक्षात आलं सहा महिन्यांनी! तोवर चाकूने कुरिअरची खोकी आणि लिंबं तेवढी कापली होती.

दुसऱ्या दिवशी आईसोबत नर्सी नामदेवला गेले. संत नामदेवांचं हे जन्मगाव मानलं जातं. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत, त्यामुळे नांदेडला आलेले शीख यात्रेकरू वाट वाकडी करून इथेही येतात. गुरुद्वाऱ्याबाहेर पाय धुताना शेजारी माझ्याच वयाची मुलगी होती, लुधियानात बँकेत नोकरी करणारी. ती वाकली आणि तिच्या गळ्यातली बोटभर कृपाण बाहेर आली.

मी उत्साहाने माझी दोरी दाखवली. "सेम टू सेम!"

ती हसली. म्हणाली, अमृत घेतलं की पाच ककार कायम अंगावर ठेवायचे, त्यातली ही एक. (आपल्या राज्यघटनेच्या कलम 25 मध्येही शिखांचा हा हक्क नोंदवलाय.) हिने खोकी कापायची नाहीत. कुणावर अन्याय होत असेल तर आपण गप्प बसायचं नाही, याची ती आठवण. मग तिने सहज विचारलं, "और तुम्हारा किसके लिए?"

"मेरे लिए," असं म्हणणार होते... पण ओठ उघडेनात. कारण खरं सांगू? सहा महिने तो चाकू मला एकच आठवण देत होता. घाबर.

आता तो स्वयंपाकघरात खिळ्याला लटकतो. लिंबं झकास कापतो. रात्री रिक्षात बसले की रिक्षाच्या नंबरचा फोटो रूममेटला जातो. भीती? आहे की. पण त्या मुलीच्या प्रश्नाने एक झालंय. परवा बसमध्ये एक माणूस शेजारच्या कॉलेजकन्येला चिकटायला लागला, तेव्हा मी उठून मधे उभी राहिले. आवाज चढवला. हात थरथरत होते, गळ्यात काहीच नव्हतं.

हो, निघताना आईने मंगळसूत्रातली एक सेफ्टी पिन काढून दिली होती. "ही ठेव. ओढणीला लागते."